पाहुणा, यजमान आणि जकात नाका

ऑक्टोबर १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मायक्रोसॉफ्टला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात खेचले. जावा ही भाषा सनची. ती वापरण्याचा परवाना मायक्रोसॉफ्टने रीतसर घेतला होता. सनची तक्रार अशी होती की, करारात ठरलेले जावाचे काही भाग मायक्रोसॉफ्टने आपल्या आवृत्तीत दिलेच नाहीत आणि तरीही 'जावाशी सुसंगत' असे चिन्ह लावून माल बाजारात आणला. गाळलेल्या भागांपैकी एकाचे नाव होते जावा नेटिव्ह इंटरफेस, म्हणजेच जेएनआय. नोव्हेंबर १९९८ मध्ये न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी अंतरिम आदेश काढून मायक्रोसॉफ्टला जेएनआयची सोय द्यायला लावली. जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने सनला दोन कोटी डॉलर मोजले आणि प्रकरण मिटले.

दोन धनाढ्य कंपन्यांचे भांडण म्हणून ही बातमी आली आणि गेली. मला मात्र त्यातली एक गोष्ट आजही महत्त्वाची वाटते. त्या वादाचा एक मोठा भाग एका हद्दीवरून होता. दोन वेगळ्या प्रकारच्या प्रोग्रामांमध्ये जी हद्द असते, ती ओलांडायची वाट कोणी आखायची आणि ती कोणाच्या मालकीची असावी, हा तो प्रश्न.

इथे येणाऱ्या वाचकांना इतिहास म्हटले की बखरी, फर्माने आणि गढ्या आठवतात. पण माझे पोट प्रोग्रामिंगवर चालते, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले-मुली याच धंद्यात आली. ज्या हत्यारावर घर चालते त्याचाही एक इतिहास असतो. विणकराला मागाचा इतिहास ठाऊक असतो, आपल्याला आपल्या हत्याराचा नसतो. म्हणून आज त्यातले एकच प्रकरण सांगतो. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या लायब्ररीला नव्या फ्रेमवर्कच्या सोयी आतून वापरायच्या असतील, तर काय काय घडत आले, एवढाच त्याचा विषय.

दोन मुलूख

आधी ही हद्द समजून घेऊ. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्राम थेट प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये बदलला जातो. मेमरी मागायची तीही स्वतः आणि परत करायची तीही स्वतः. मध्ये कोणी नाही. वेग उत्तम, पण चूक झाली तर सावरणारेही कोणी नाही. याला नेटिव्ह कोड म्हणतात.

जावा किंवा सी शार्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम एका कारभाऱ्याच्या देखरेखीखाली चालतो. या कारभाऱ्याला रनटाइम म्हणतात. मेमरी तोच देतो आणि नको असलेली तोच झाडून काढतो. झाडताना उरलेले सामान एका बाजूला सरकवून जागा मोकळीही करतो. असा कोड मॅनेज्ड म्हणवतो. रनटाइमच्या जोडीला तयार सोयींचे मोठे भांडार मिळते. खिडक्या काढणे, एक्सएमएल वाचणे, नेटवर्कवर बोलणे, माहिती कुलूपबंद करणे, सगळे त्यात असते. ते भांडार म्हणजे फ्रेमवर्क.

मॅनेज्ड मुलखातून नेटिव्ह मुलखात जाणे त्या मानाने सोपे. डॉट नेटमध्ये अमुक फाइलमधले अमुक फंक्शन मला हवे, असे एका ओळीत लिहिले की काम होते. कारभारी आधीपासून जागा असतो आणि पलीकडे फक्त आज्ञांची रांग असते.

उलटी वाट अवघड आहे. नेटिव्ह लायब्ररीने मॅनेज्ड मुलखाला हाक मारली, तर हाक ऐकायला पलीकडे कोणी जागे असेलच असे नाही. कारभारी अजून कामावर आलेलाच नसतो. त्याला कोणी बोलवायचे, कोणती आवृत्ती बोलवायची, बसवायचे कुठे आणि काम झाल्यावर घरी पाठवायचे कसे? सगळी गुंतागुंत या चार प्रश्नांत आहे.

मग ही वाट हवीच कशाला? सगळे नव्या भाषेत पुन्हा लिहून मोकळे व्हावे, असे तरुण प्रोग्रामरला वाटते. नेटस्केपलाही तसेच वाटले होते. तिच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. त्यानंतर कंपनीने जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतले. सहावी आवृत्ती आली ती थेट नोव्हेंबर २००० मध्ये. पाचवी आलीच नाही. तोवर बाजार हातचा गेला होता. जुन्या कोडमध्ये पंधरा-वीस वर्षांच्या दुरुस्त्या असतात, ग्राहकांच्या तक्रारींतून आलेले शहाणपण असते. ते कागदावर कुठेच लिहिलेले नसते. म्हणून जुने ठेवून नवे जोडणे हा गरिबाचा नाइलाज मानू नये. बहुतेक वेळा तोच शहाणा मार्ग असतो.

बिल्ला आणि नाका

सनचा जेएनआय १९९७ च्या सुरुवातीला जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर आला. त्यात उलट्या वाटेची सोय होती. नेटिव्ह प्रोग्रामने एक ठरावीक फंक्शन बोलावले की त्याच्याच पोटात जावाचा कारभारी उभा राहायचा, आणि मग जावाचे भांडार खुले व्हायचे.

पण कारभारी झाडलोट करताना सामान सरकवतो, हे वर आलेच. नेटिव्ह कोडला सवय असते वस्तूचा पत्ता धरून ठेवायची. सामान हलले की पत्ता खोटा ठरतो. म्हणून जेएनआय वस्तूचा पत्ता देत नाही, एक बिल्ला देतो. दर्ग्याबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला जसा बिल्ला मिळतो, तसाच. चपला कुठल्या कप्प्यात आहेत याच्याशी आपल्याला घेणे नाही. बिल्ला दाखवा, चपला घ्या, आणि जाताना बिल्ला परत करा.

ही शिस्त मोडली तर काय होते, ते अँड्रॉइडच्या इतिहासात दिसते. अँड्रॉइडच्या बहुतेक सोयी जावाच्या बाजूला आहेत. त्यामुळे सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या लायब्ररीला त्या हव्या असल्या की जेएनआयचा नाका ओलांडावाच लागतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सामान सरकवणारी झाडलोट नव्हती आणि दिलेला बिल्ला म्हणजे प्रत्यक्ष पत्ताच असायचा. अनेकांनी बिल्ले परत न करता वर्षानुवर्षे वापरले आणि ते चालूनही गेले. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० आले आणि गूगलने खरेखुरे बिल्ले सुरू केले, कारण पुढे सामान सरकवणारी झाडलोट आणायची होती. नियम न पाळणारा कोड कोसळू लागला. जुन्या अॅप्ससाठी गूगलला ती चूक खपवून घेणारी वेगळी सोय ठेवावी लागली. नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता. तो मोडल्याची किंमत मात्र खूप उशिरा चुकवावी लागली.

हद्दीवरची दुसरी अडचण मालाच्या रूपाची. नेटिव्ह बाजूचा मजकूर एका पद्धतीने साठवलेला, मॅनेज्ड बाजूचा दुसऱ्या. प्रत्येक फेरीत तो तपासायचा, बदलायचा, नवी प्रत काढायची. मुंबईच्या वेशीवर २०१७ पर्यंत जकात नाके होते, ते वाचकांना आठवत असतील. ट्रक कितीही वेगवान असो, नाक्यावर रांग ठरलेली. इथेही तेच. एका मोठ्या फेरीत सगळा माल नेला तर खर्च परवडतो. एकेक गोणी घेऊन हजार फेऱ्या मारल्या तर सगळा वेळ नाक्यावरच जातो.

या नाक्यावर आपल्यासारख्यांचा माल तर बऱ्याचदा अडकत आला आहे. डॉट नेटची हद्द ओलांडताना काही सांगितले नाही, तर मजकूर जुन्या आठ-बिटी पद्धतीचा आहे असे धरले जायचे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तशी आठ-बिटी मांडणी कधी नव्हतीच. तिचा कारभार पहिल्यापासून युनिकोडचा. त्यामुळे इंग्रजी मांडणीच्या संगणकावर 'शेख' हे नाव देवनागरीत लिहा की उर्दूत, नाका ओलांडून पलीकडे जाईपर्यंत त्याची प्रश्नचिन्हे झालेली असत. फॉर्मवर नावाच्या जागी तीन प्रश्नचिन्हे छापून आली की लोक म्हणतात, फाँट बिघडला. बऱ्याचदा फाँटचा काही दोष नसतो. हद्दीवरच्या एका ओळीत मजकुराची जात सांगायची राहिलेली असते. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही चूक दिसतच नाही, कारण त्याचा माल सुखरूप पोचतो.

मायक्रोसॉफ्टचे तीन रस्ते

सनशी वाद चालू असतानाच मायक्रोसॉफ्टने आपल्या जावासाठी जे-डायरेक्ट नावाची स्वतःची वाट काढली होती. ती वापरायला सोपी होती, पण फक्त विंडोजवर चालायची. त्या वाटेने गेलेला प्रोग्राम कायमचा विंडोजचा होऊन राहायचा. सनचा त्यावरही राग होता. मायक्रोसॉफ्टच्या जावा साधनांवर तेव्हा अँडर्स हेल्सबर्ग काम करत होते. पुढे सी शार्प भाषेची रचना त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. जावाची जे-डायरेक्ट घोषणा आणि डॉट नेटची तशाच कामाची घोषणा शेजारी ठेवली, तर दोघींचे साम्य डोळ्यांत भरते.

डॉट नेटची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००२ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टपुढे तेव्हा मोठा पेच होता. स्वतःचे ऑफिस, विंडोज आणि ग्राहकांचे कोट्यवधी ओळींचे प्रोग्राम, सगळे नेटिव्ह. त्यांना नव्या घरात आणायचे तर उलटी वाट मजबूत हवी. म्हणून तीन रस्ते दिले गेले.

पहिला कॉमचा. कॉम ही मायक्रोसॉफ्टची १९९३ पासूनची पद्धत, वेगवेगळ्या भाषांतल्या तुकड्यांनी एकमेकांशी कसे बोलायचे ते ठरवणारी. डॉट नेटमधल्या वस्तूला कॉमचा झगा चढवला की जुन्या प्रोग्रामला ती ओळखीची वाटते. गंमत अशी की, विंडोजच्या नोंदवहीत त्या वस्तूचा पत्ता म्हणून तिची स्वतःची फाइल लिहिलेली नसते. तिथे एमएसकोरईई नावाच्या एका फाइलचा पत्ता असतो. ती फाइल पोस्टमनचे काम करते. हाक आली की कारभाऱ्याला उठवते, खरी वस्तू शोधते आणि गाठ घालून देते. जुन्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही की आपण हद्द ओलांडली.

दुसरा रस्ता मिश्र भाषेचा. सी प्लस प्लसमध्येच दोन्ही प्रकारचा कोड एका फाइलीत लिहायचा. २००२ मधली त्याची पहिली मांडणी दुहेरी अधोरेखांनी भरलेली आणि वाचायला त्रासाची होती. २००५ मध्ये हर्ब सटर यांच्या पुढाकाराने तिची जागा सी प्लस प्लस सीएलआयने घेतली आणि त्याच डिसेंबरात एक्मा या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. नेटिव्ह आणि मॅनेज्ड यांच्यामध्ये पातळ भिंत उभारायला आजही विंडोजवर इतके सोयीचे साधन दुसरे नाही. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी या तंत्राला 'हे आपोआप चालते' अशा अर्थाचे लाडाचे नाव दिले होते. ते नेहमीच चालायचे असे नाही. विंडोज एखादी लायब्ररी मेमरीत चढवताना एक कुलूप लावते. ते कुलूप लागलेले असतानाच मॅनेज्ड कोड धावू लागला, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत गोठून बसायचे. आज गोठेल, उद्या गोठणार नाही. २००२ आणि २००३ च्या साधनांतला हा दोष २००५ मध्ये बव्हंशी निस्तरला गेला.

तिसरा रस्ता यजमानाचा. नेटिव्ह प्रोग्रामने स्वतःहून कारभाऱ्याला बोलवायचे, आवृत्ती सांगायची, अटी घालायच्या. इंग्रजीतही या भूमिकेला यजमान असाच शब्द आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली या एका शब्दात आहे.

एकच पाहुणा, दोन घरे

आता दोन घटना शेजारी ठेवतो. दोन्ही एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच वेळच्या, आणि दोन्हींतला कारभारी तोच.

नोव्हेंबर २००५ मध्ये एसक्यूएल सर्व्हर २००५ बाजारात आला. हा डेटाबेस पूर्ण नेटिव्ह. त्याने डॉट नेटच्या कारभाऱ्याला आपल्या प्रोसेसमध्ये जागा दिली. प्रोसेस म्हणजे चालत्या प्रोग्रामचे स्वतःचे घर समजा. जागा दिली, पण घरमालकाच्या अटींवर. मेमरी हवी तर डेटाबेसकडे मागायची. कामाच्या पाळ्या डेटाबेस ठरवणार. बाहेरून येणाऱ्या कोडवर तीन पायऱ्यांच्या परवानग्या. त्यातली सर्वांत सैल पायरी नावातच 'असुरक्षित'. आणि मूळ मांडणीत ही सोयच बंद. मालकाने मुद्दाम दार उघडल्याशिवाय पाहुण्याला प्रवेश नाही. बँकांचे आणि दवाखान्यांचे हिशेब ज्या घरात राहतात, तिथे ही सावधगिरी हवीच होती. ही मांडणी टिकली.

दुसरी घटना डिसेंबर २००६ ची. फाइलवर उजवी कळ दाबली की जी यादी उघडते तिच्यात आपली ओळ घालणाऱ्या लायब्रऱ्या असतात. त्यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. अनेकांनी त्या डॉट नेटमध्ये लिहायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टचे जुने अभियंते रेमंड चेन यांनी लिहिले की, हे करू नका. कारण असे. या लायब्रऱ्या कोणाच्या घरात जाऊन बसतील याचा नेम नाही. कुठल्याही प्रोग्रामने 'फाइल उघडा' ही खिडकी दाखवली की विंडोज त्यांना त्या प्रोग्रामच्या घरात आणते. आणि त्या काळी एका घरात डॉट नेटच्या कारभाऱ्याची एकच आवृत्ती राहू शकायची. एखाद्या लायब्ररीने १.१ ही आवृत्ती आणून बसवली की, थोड्या वेळाने खुद्द घरमालकाला २.० हवी असली तरी जागा शिल्लक नसायची. पाहुणा आपला कारभारी घेऊन आला आणि घरमालकाचाच खोळंबा झाला. घरमालकाला तर पाहुणा आलाय हेही माहीत नसायचे.

दोन्ही घटनांत तंत्र तेच. फरक बोलावण्याचा. एका ठिकाणी घरमालकाने पाहुण्याला बोलावले, खोली दाखवली, वेळ ठरवली. दुसऱ्या ठिकाणी एक भाडेकरू कोणालाही न विचारता सगळे बिऱ्हाड घेऊन आला. नेटिव्ह लायब्ररीची खरी अडचण हीच. ती कधीच घरमालक नसते. दुसऱ्याच्या घरात कामाला आलेली असते. तिने तिथे अख्खा रनटाइम आणायचा म्हणजे जी जागा तिची नाही ती परस्पर देऊन टाकायची.

यश मिळालेली उदाहरणे पाहिली तर हेच दिसते. २०१० चा व्हिज्युअल स्टुडिओ हा नेटिव्ह मुळाचा प्रोग्राम. त्याचे बाहेरचे रूप आणि लिहिण्याची जागा मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफ या मॅनेज्ड फ्रेमवर्कमध्ये नव्याने केली, पण घर त्याचे स्वतःचे होते. २००५ मध्ये आलेल्या युनिटी या खेळ बनवण्याच्या इंजिनाचा गाभा सी प्लस प्लसचा. खेळ लिहिणारे मात्र सी शार्पमध्ये लिहितात. त्यासाठी युनिटीने मोनो वापरला. मोनो म्हणजे मिगेल दि इकाझा यांनी २००१ मध्ये जाहीर केलेला डॉट नेटचा मुक्त अवतार. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये बसवता यावा म्हणून त्याला वेगळी दारे ठेवलेली होती. युनिटी त्या घराची मालकीण होती, म्हणून सगळे जमले.

माझ्या कामातही हा प्रश्न आला तो एका मोजमाप यंत्रांच्या लायब्ररीतून. लायब्ररी सी प्लस प्लसची. तिच्यात अहवाल छापण्यासाठी डॉट नेटचा भाग जोडण्याचा निर्णय मी येण्याच्या आधीचा होता. लायब्ररी वापरणारे वेगवेगळे कारखाने होते आणि प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळा. एका ग्राहकाकडे एकाच संगणकावर अहवाल कधी निघायचा, कधी नाही. त्यांच्या प्रोग्रामला कोणीतरी जुन्या डॉट नेटचे एक जोडकाम केलेले होते. ती खिडकी आधी उघडली की जुना कारभारी गादीवर बसायचा आणि आमच्या भागाला जागा मिळायची नाही. नंतर उघडली तर सगळे ठीक. यंत्र चालवणाऱ्या कामगाराला मात्र मशीन नीट वापरता येत नाही म्हणून बोल लागायचे. शेवटी आम्ही डॉट नेटचा भाग वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये नेला. त्याला स्वतःचे घर दिले आणि लायब्ररीने त्याच्याशी पाइपमधून निरोप पाठवून बोलायचे असे ठरवले. नाक्यावरचा खर्च वाढला, पण भांडण मिटले. तंत्राचा हा वाद त्या कामगाराच्या माथी येतो, हे तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

बिऱ्हाडाविना आलेला पाहुणा

एप्रिल २०१० मध्ये डॉट नेट ४ आले. आता एका घरात दोन आवृत्त्या शेजारी राहू शकत होत्या. जुन्या वस्तूंसाठी जुना कारभारी, नव्यांसाठी नवा. अर्धा प्रश्न सुटला. तरीही शेल एक्स्टेन्शनबद्दलचा सल्ला मायक्रोसॉफ्टने मागे घेतला नाही. दोन कारभारी भांडले नाहीत तरी जागा, वेळ आणि झाडलोटीचा भार दुसऱ्याच्या घरावरच पडतो.

पुढचे वळण डॉट नेट कोअरचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा कोड खुला करण्याचे जाहीर केले आणि जून २०१६ मध्ये पहिली आवृत्ती आली. हे लिनक्सवर आणि मॅकवरही चालते. तिथे विंडोजची नोंदवही नाही आणि कॉमही नाही. म्हणून उलटी वाट नव्याने बांधावी लागली. २०१९ च्या ३.० आवृत्तीत नेटिव्ह प्रोग्रामला रनटाइम शोधून सुरू करायची आणि थेट एखाद्या मॅनेज्ड फंक्शनचा पत्ता मागायची सोय आली. सी प्लस प्लस सीएलआयही वर्षाअखेरीस ३.१ मध्ये आले, पण फक्त विंडोजपुरते.

२०२० च्या डॉट नेट ५ मध्ये एक छोटा बदल झाला. मॅनेज्ड फंक्शनच्या डोक्यावर एक खूण लिहिली की ते थेट नेटिव्ह बाजूने बोलावता येते. अट एवढीच की, माल दोन्हीकडे सारख्याच रूपात असला पाहिजे. आकडे आणि पत्ते चालतील, मजकुराच्या वस्तू चालणार नाहीत. मजकूर न्यायचा तर त्याची मांडणी प्रोग्रामरनेच उघडपणे लिहायची. नाक्यावरचा कारकून गेला आणि फॉर्म आपल्यालाच भरावा लागू लागला. मला हे बरे वाटते. कारकून गप्प बसून नावाची प्रश्नचिन्हे करायचा, त्यापेक्षा दोन ओळी जास्त लिहिलेल्या परवडल्या.

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉट नेट ७ बरोबर नेटिव्ह एओटी आले. सी शार्पमध्ये लिहिलेली लायब्ररी आधीच प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये बदलायची आणि तिच्यापुरता छोटा कारभारी तिच्याच पोटात ठेवायचा. बाहेरून ती साध्या सी लायब्ररीसारखी दिसते. सी, सी प्लस प्लस, कोणीही तिला हाक मारू शकते. यजमानाच्या संगणकावर डॉट नेट बसवलेले असण्याची गरज नाही आणि आवृत्तीचे भांडण नाही. पाहुणा आपली वळकटी स्वतःच्या काखेत घेऊन येतो.

याचीही किंमत आहे. अशा लायब्ररीत चालता चालता नवा मॅनेज्ड कोड चढवता येत नाही. फ्रेमवर्कच्या ज्या सोयी प्रोग्राम चालू असताना स्वतःच्या रचनेत डोकावून काम करतात, त्यांतल्या अनेक तिथे अडतात. सी प्लस प्लस सीएलआय तिथे चालत नाही. आणि एकदा आलेली लायब्ररी घरातून काढून टाकता येत नाही, घर बंद होईपर्यंत ती राहते. अख्खे भांडार हवे असेल तर जुनाच मार्ग, म्हणजे वेगळे घर किंवा घरमालकाचे बोलावणे.

संगणकाचा इतिहास आपल्याला बहुधा वारसदारीच्या थाटात सांगितला जातो. अमुक भाषा आली, अमुक गेली. वर सांगितलेल्या पंचवीस वर्षांत मात्र कोणीच गेलेले दिसत नाही. सी प्लस प्लस आहे, कॉम आहे, जेएनआय आहे, आणि त्यांच्या शेजारी नवे येऊन राहिले आहे. जे प्रकल्प बुडाले ते भाषा जुनी म्हणून क्वचितच बुडाले. हद्दीवर कोणाचा अधिकार चालतो, हे विचारले गेले नव्हते.

म्हणून या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. कुठल्याही नेटिव्ह लायब्ररीत फ्रेमवर्क आणण्याआधी ते विचारावेत. हे घर कोणाचे आहे? घरमालकाला आपण येतोय हे माहीत आहे का? आणि नाक्यावरून आपला माल, त्यात आपले नाव आणि आपली लिपीही आली, पलीकडे जशीच्या तशी पोचते का? तिसरा प्रश्न परदेशातले पुस्तक आपल्यासाठी विचारणार नाही. तो आपणच विचारला पाहिजे. प्रश्नचिन्हे उमटतात ती आपल्या नावाच्या जागी.